मुळ्यांच्या मागावर: सवाना ते चार्ल्स्टन

साताऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असतानाच अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या झाडपाल्याच्या औषधांबद्दल आणि तोडग्यांबद्दल वाचनात आलं होतं. याला तिथे हुडू, रूटवर्क किंवा कॉन्ज्युअर म्हणतात. निवृत्तीनंतर अटलांटाला धाकट्या बहिणीकडे गेले, तेव्हा ती म्हणाली, "ताई, नायगरा-बियगरा राहू दे, तुला काय बघायचंय ते सांग." मी सांगितलं. तिने ऑफिसातून सुट्टी काढली, गाडी सर्व्हिसिंगला टाकली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला आम्ही दोघी निघालो.

निघण्याआधी एक गोष्ट सांगते, कारण घरी फोन केला तेव्हा सगळ्यांनी हेच विचारलं: "म्हणजे ते वूडू का?" नाही. हायतीचा वूडू हा धर्म आहे. त्याला देवता आहेत, पुरोहित आहेत, दीक्षा आहे. हुडूला स्वतंत्र देवघर नाही. रविवारी बाप्टिस्ट चर्चला जाणारी बाईच सोमवारी बायबलमधलं स्तोत्र म्हणत मुळी बांधते. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांची समज, मूळ अमेरिकन लोकांची इथल्या झाडांची ओळख आणि युरोपातल्या पंचांगवजा पुस्तकांतले तोडगे, असं तिहेरी मिश्रण आहे. त्यातला आफ्रिकेचा भाग सर्वांत जास्त टिकला तो जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, गल्ला-गीची लोकांत, म्हणजे त्याच गुलामांच्या वंशजांत. भाताच्या खाचरांमुळे आणि मलेरियामुळे गोरे मालक उन्हाळ्यात इथे थांबत नसत, बेटांना पूल नव्हते, आणि माणसं आपल्या बोलीत, आपल्या पद्धतीने जगत राहिली.

बुधवार, सवाना

अटलांटाहून सवाना सुमारे चार तास. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, सांगण्यासारखं काही नाही. सवानात शिरलं की मात्र हवाच बदलते. नोव्हेंबरातही घाम येईल इतकी दमट, आणि चौकाचौकात प्रचंड लाइव्ह ओक. त्यांच्या फांद्यांवरून राखाडी जटा लोंबतात. त्याला स्पॅनिश मॉस म्हणतात, पण ते शेवाळ नव्हे, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. हवेतल्या ओलाव्यावर जगते, झाडाचं काही शोषत नाही. गल्ला लोक रक्तदाबासाठी ती बुटात घालून चालत, अशी नोंद आहे.

पहिल्यांदा गेलो ते फर्स्ट आफ्रिकन बाप्टिस्ट चर्चला. आत्ताची इमारत १८५९ मध्ये पूर्ण झाली. दिवसभर मालकाचं काम करून गुलाम माणसांनी ती रात्री बांधली, असं तिथे सांगतात. खालच्या मजल्याच्या लाकडी जमिनीला ठिकठिकाणी भोकं पाडलेली आहेत, चौकटीच्या एक्क्यासारख्या आकृतीत आणि मधे फुली. जमिनीखाली पळून आलेली माणसं लपत, त्यांना हवा मिळावी म्हणून ती भोकं, असं चर्चमधले लोक मानतात. आकृती मात्र कांगो प्रदेशातली आहे: आडवी रेघ म्हणजे जिवंत आणि मेलेल्यांच्या जगांमधलं पाणी, उभी रेघ म्हणजे दोघांना जोडणारी वाट. चर्चच्या जमिनीत ती अशी बेमालूम बसलेली पाहून माझ्या अंगावर काटा आला.

(मार्गदर्शकासोबतच आत जाता येतं. वेळा बदलत असतात, आधी पाहून जा. फोटोची परवानगी विचारा.)

दुपारी जिथे गेलो त्या दुकानाचं नाव देत नाही. मालकीणबाईंनी गप्पा मारल्या त्या आमच्याशी, जाहिरातीसाठी नाही. बाई सत्तरीच्या पुढच्या, चष्मा साखळीने गळ्यात. बहिणीने मला आधीच बजावलं होतं, "ताई, इथे वयस्कर बाईंशी बोलताना प्रत्येक वाक्याला 'मॅम' लाव. नुसतं 'यस' म्हणालीस तर उद्धट वाटतं." भिंतीला लागून काचेच्या बरण्या, प्रत्येकीवर हाताने लिहिलेली चिठ्ठी. मी एकेक बरणी उघडायची परवानगी मागितली.

तिसऱ्या की चौथ्या बरणीचं झाकण काढलं आणि चिठ्ठी वाचायची गरजच उरली नाही. वेखंड! तोच उग्र, गोडसर वास. चिठ्ठीवर होतं 'कॅलॅमस'. मी म्हणाले, "मॅम, आमच्याकडे हे तान्ह्या बाळाला उगाळून चाटवतात." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बेबी, आमच्याकडे हे दुसऱ्याला आपल्या मुठीत ठेवायला वापरतात," त्या म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. मग गंभीर होऊन सांगितलं की खायला त्या हे कोणालाच देत नाहीत. ते बरोबरच आहे. अमेरिकेत १९६८ पासून खाद्यपदार्थांत वेखंड घालायला बंदी आहे. त्यातल्या बीटा-असारोन या द्रव्यामुळे ती आली, आणि आपल्याकडच्या वेखंडात ते भरपूर असतं. अमेरिकेच्या मूळच्या जातीत जवळजवळ नसतं. घरी बाळंतविडा भरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

त्याच फळीवर कोळिंजन होतं. घसा बसला की आपण चघळतो तेच, आल्याच्या कुळातलं. इथलं नाव 'लिटल जॉन टू चू'. कोर्टात तारीख असेल त्या दिवशी ते चघळायचं, रस गिळायचा नाही, आणि न्यायाधीश यायच्या आत तो कोर्टाच्या जमिनीवर थुंकायचा. मग निकाल आपल्या बाजूने. बाईंचे वडील जमिनीच्या कागदांच्या भांडणात कोर्टात गेले तेव्हा त्यांच्या गालात हेच होतं. "ज्यूरी सगळी गोरी, वकील गोरा, जज गोरा, कारकून गोरा," त्या बोटं मोडत म्हणाल्या. "त्या खोलीत माझ्या बाबांच्या बाजूचं असं दुसरं होतं काय?" जमीन राहिली का, हे विचारायचा धीर मला झाला नाही. त्यांनीच सांगितलं: निम्मी राहिली.

मग 'हाय जॉन द कॉंकरर'. हुडूतली सगळ्यांत मानाची मुळी. मेक्सिकोतल्या शालापा भागातली ही वेल. रताळ्याच्याच कुळातली, आणि आपल्या निशोत्तरासारखीच जबर रेचक. म्हणून हीसुद्धा खायची नसते. अख्खी, न चिरलेली, गोटीसारखी गाठ खिशात ठेवायची. मी हातात घेतली तर तिच्या आकाराच्या मानाने चांगलीच जड.

इथे फ्रेडरिक डग्लसची, पुढे गुलामगिरीविरुद्धचा मोठा वक्ता आणि लेखक झालेल्या माणसाची, हकिकत सांगायलाच हवी. १८३४ च्या ऑगस्टमध्ये, मेरीलँडमध्ये, सोळा-सतरा वर्षांचा डग्लस एडवर्ड कोव्ही नावाच्या माणसाकडे होता. गुलामांना मारून सरळ करणारा म्हणून हा कोव्ही प्रसिद्ध. मार खाऊन पळालेल्या डग्लसला सँडी जेंकिन्स हा दुसरा गुलाम भेटला. त्याने रानातली एक मुळी दिली आणि सांगितलं, उजव्या बाजूला बाळग, कोणी गोरा तुला हात लावणार नाही. डग्लसचा विश्वास नव्हता, पण त्याने ती घेतली. सोमवारी सकाळी कोव्ही दोर घेऊन अंगावर आला, आणि डग्लसने त्याचा गळा धरला. जवळजवळ दोन तास झुंज चालली. त्यानंतर कोव्हीने त्याच्यावर कधीच चाबूक उगारला नाही. १८४५ च्या आत्मचरित्रात त्याने हे लिहिलं. ती मुळी कुठल्या झाडाची, हे त्यात नाही. पण दुकानातल्या बाईंना शंका नव्हती. "दुसरी कुठली असणार?"

निघताना बहिणीने विचारलं की मोजो म्हणजे नेमकं काय. लाल फ्लॅनेलची पुरचुंडी: आत मुळ्या, कधी एखादं नाणं, कधी कागदावर लिहिलेलं नाव. तिला व्हिस्कीचे किंवा अत्तराचे थेंब 'पाजायचे', कातडीला लागून ठेवायची, कोणाला दाखवायची नाही, दुसऱ्याने हात लावला तर गेली. "तुमच्याकडे आहे?" बहिणीने विचारलं. बाई काहीच बोलल्या नाहीत, फक्त तिचा गाल थोपटला.

गुरुवार, ब्यूफर्ट

सवानाहून तासाभराची गाडी. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे दूरवर पसरलेली दलदल, तिचं गवत नोव्हेंबरात सोन्यासारखं पिवळं झालेलं. ओहोटीला कालवांचे कट्टे उघडे पडतात आणि सगळ्या गावाला खाऱ्या चिखलाचा वास येतो. मला तो फार आवडला. जुन्या घरांच्या ओसऱ्यांची छतं फिकट निळी रंगवलेली असतात. पाणी किंवा आभाळ समजून 'हेंट' म्हणजे भुतं फसतात आणि आत येत नाहीत, असा समज. या किनाऱ्यावर एके काळी निळीची मळेच्या मळे होते.

टॅबरनॅकल बाप्टिस्ट चर्चच्या आवारात हॅरिएट टबमनचं स्मारक आहे, २०२४ मध्ये उभारलेलं. गुलामांना मालकांच्या तावडीतून पळवून मुक्त करणारी टबमन सगळ्यांना माहीत असते. अमेरिकेच्या यादवी युद्धात ती इथे ब्यूफर्टला होती आणि सैनिकांची शुश्रूषा करत होती, हे कमी जणांना ठाऊक. अतिसाराने माणसं पटापट मरत होती. ज्या पाण्याने तो रोग व्हायचा त्याच पाण्याकाठच्या मुळ्या खणून ती काढा करायची. तिच्या हाताला गुण होता असं डॉक्टरच म्हणत. २ जून १८६३ रोजी कोंबाही नदीवरच्या मोहिमेत तिच्या वाटाडेपणामुळे सातशेहून अधिक माणसं एका रात्रीत मुक्त झाली. याच गावात मे १९४० मध्ये झोरा नील हर्स्टन एका छोट्या चर्चमधलं अंगात येणं आणि गाणं चित्रित करत होती. ती लेखिका होती, मानववंशशास्त्र शिकलेली होती, आणि हुडू शिकण्यासाठी तिने न्यू ऑर्लिन्समध्ये रीतसर दीक्षाही घेतली होती.

पण ब्यूफर्टची खरी गोष्ट दोन माणसांची. स्टेफनी रॉबिन्सन, म्हणजे 'डॉक्टर बझर्ड', सेंट हेलेना बेटावरचा रूट डॉक्टर, म्हणजे मुळ्यांचा वैद्य-मांत्रिक. जांभळ्या काचांचा चष्मा लावून कोर्टात बसायचा आणि आरोपीसाठी मुळी चघळायचा. दुसरा एडविन मॅकटीयर, १९२६ ते १९६३ या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, शेरिफ. शेरिफ म्हणजे तिथला पोलिसप्रमुख. बझर्डला पकडायला त्याने जंग जंग पछाडलं. अखेर विनापरवाना वैद्यकी केल्याचा गुन्हा लागला आणि दंड झाला. बझर्ड १९४७ मध्ये वारला. आणि मॅकटीयर? तो स्वतःच करणी उतरवणारा म्हणून प्रसिद्ध झाला. लोक त्याच्या दारात रांग लावत.

यात एक काळा भाग आहे आणि तो वगळून हे लिहिणं मला पटणार नाही. दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत नापास व्हावं म्हणून तरुण मुलं या भागातल्या रूट डॉक्टरांकडून औषध घ्यायला लागली. हृदयाचे ठोके बिघडायचे, तपासणीत नापास. त्या बाटल्यांत हातभट्टीची दारू आणि शिशाचं आर्सेनेट निघालं. ते कीटकनाशक आहे. त्यात माणसं दगावली.

संध्याकाळी नदीकाठच्या झोपाळ्यावर बसून बहीण म्हणाली, "ताई, डॉ. दाभोलकरांच्या गावची तू. तुला हे सगळं कसं चालतं?" प्रश्न रास्त होता. डॉक्टरांचा २०१३ मध्ये खून झाला आणि त्यानंतर आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यांच्या सभांना मी बसलेली आहे. मी तिला म्हटलं, आर्सेनेटची बाटली विकणाऱ्याला मी इथेही गुन्हेगारच म्हणेन, त्यात कसला संकोच. पण कोर्टात कोळिंजन चघळणाऱ्या माणसाला अंधश्रद्ध म्हणण्याआधी त्या कोर्टाकडे बघ. डॉक्टर दवाखान्यात घेत नाही, शेरिफ तक्रार लिहून घेत नाही, मतपेटीपाशी उभं राहू देत नाहीत. अशा माणसाने खिशात काहीतरी ठेवलं, ताठ मानेने चालता यावं म्हणून. मला त्याची चिकित्सा करायचीच आहे, पण त्याच्या बाजूला बसून.

(मुक्कामासाठी ब्यूफर्ट किंवा शेजारचं पोर्ट रॉयल बरं, चार्ल्स्टनपेक्षा स्वस्त पडतं. संध्याकाळी दलदलीच्या काठावर 'नो-सी-अम' नावाच्या चिलटांचा उच्छाद असतो. डासांचं मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच.)

शुक्रवार, सेंट हेलेना बेट

हा दिवस सगळ्यांत भरगच्च. ब्यूफर्टहून पूल ओलांडला की बेट. १८६१ च्या नोव्हेंबरात, यादवी युद्धात, उत्तरेकडच्या राज्यांचं आरमार पोर्ट रॉयलच्या खाडीत शिरलं, मळेवाले पळून गेले, आणि मागे राहिली हजारो गुलाम माणसं आणि शेतात उभा कापूस. १८६२ मध्ये त्यांच्यासाठी इथे पेन स्कूल सुरू झालं. आज त्याला पेन सेंटर म्हणतात. ओकच्या झाडांखाली पांढऱ्या इमारती, मधे मोकळं मैदान. १९६० च्या दशकात मार्टिन ल्यूथर किंग आपल्या सहकाऱ्यांना घेऊन इथेच बैठकांना यायचे. काळ्या-गोऱ्यांना एकत्र राहता येईल अशा जागा तेव्हा दक्षिणेत फार थोड्या होत्या.

आम्हाला बेट दाखवणारी बाई इथलीच, आजी-पणजीही इथल्याच. शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. हे कळल्यावर आमचं दोघींचं लगेच जमलं. पाणंदीच्या कडेला गाडी थांबवून तिने एक वाळकं झुडूप उपटलं. गुडघाभर उंच, वरची पानं हिरवट, खालची वाळून तपकिरी, अंगावर रुपेरी लव. 'लाइफ एव्हरलास्टिंग'. शेवंतीच्या कुळातलं. चुरगाळून नाकाला लावलं तर वास गोडसर, मेथीच्या जवळ जाणारा. सर्दी-तापावर गल्ला घरांत याचाच चहा, वर लिंबू, आणि मोठ्यांसाठी थोडी दारू. शरदात तोडायचं, कागदाच्या पिशवीत टांगून ठेवायचं. "डॉक्टर ब्यूफर्टला, मधे पूल नाही, होडीला भाडं. मग आजीच डॉक्टर," ती म्हणाली. बेटाला पूल आला तोही विसाव्या शतकात.

तिच्या लहानपणी थंडी सुरू झाली की आजी गळ्यात एक कापडी पिशवी बांधायची. इतकी घाण यायची की शाळेत कोणी जवळ बसायचं नाही. पण सगळ्यांच्याच गळ्यात ती असल्यामुळे चालून जायचं. "अॅसाफेटिडा," ती म्हणाली. मी पर्समधून डबी काढली. आदल्या रात्री मुक्कामावर खिचडी टाकली होती, त्यातला हिंग जवळच होता. तिने डबी उघडली, हुंगली आणि दोन पावलं मागे सरकली. मग पुन्हा पुढे येऊन हुंगली. डोळ्यांत पाणी. "ग्रँडमा," एवढंच म्हणाली.

इराण-अफगाणिस्तानातला हा चीक औषधांच्या दुकानांतून अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत पोचला होता. १९१८ च्या इन्फ्लूएंझाच्या साथीत काळ्या आणि गोऱ्या, दोन्ही घरांतल्या मुलांच्या गळ्यांत हिंगाच्या पिशव्या होत्या. तो अन्नात घालतात हे तिला ठाऊक नव्हतं. मी तिला तिथल्या तिथे वरणाची फोडणी सांगितली आणि डबी देऊन टाकली. बहीण नंतर म्हणाली, "ताई, आता उद्याची आमटी?" उद्याची आमटी हिंगाविना झाली.

पुढे कापसाचं एक जुनं शेत दाखवताना तिचा आवाज उतरला. बायका कापसाच्या मुळाची साल चघळायच्या, गर्भ राहू नये म्हणून किंवा राहिलेला पाडायला. जन्माला येणारं मूल कायद्याने मालकाची मालमत्ता होतं. पुढे याच सालीची नोंद अमेरिकेच्या अधिकृत औषधकोशात झाली, स्त्रियांचं औषध म्हणून. कापूस-वेचणाऱ्या ज्या बायकांना ते आधीपासून ठाऊक होतं, त्यांच्यातल्या एकीचंही नाव तिथे नाही. आम्ही तिघी बराच वेळ काही बोललो नाही.

चॅपल ऑफ ईजचे अवशेष वाटेतच आहेत. मळेवाल्यांचं हे चर्च कालवांच्या शिंपल्यांचा चुना, वाळू आणि पाणी कालवून बांधलेलं. त्याला टॅबी म्हणतात. भिंतींत अजून शिंपले चमकतात. त्याहून मला आवडलं ते प्रेझ हाउस: पांढऱ्या लाकडाची एकच खोली, आत बाकं. गुलाम माणसं इथे जमून गोल फिरत गायची, नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. सवानाच्या चर्चमधली ती फुली आणि हे फिरणं एकाच समजुतीतून आलेलं आहे.

एका दफनभूमीला बाहेरूनच नमस्कार केला. कबरींवर कप, घड्याळ, शिंपले, औषधाची बाटली: मेलेल्याने शेवटी वापरलेल्या वस्तू. रूटवर्कमध्ये कबरीची माती लागते. ती फुकट घेत नाहीत. तिथे नाणं किंवा दारू ठेवायची, मेलेल्याची परवानगी मागायची. जवळच्या हिल्टन हेड बेटावर अशा कितीतरी दफनभूमी आता बंगल्यांच्या कुंपणाआड गेल्या आहेत. आपल्याच आजोबांच्या कबरीवर जायला फाटकावरच्या पहारेकऱ्याला कारण सांगावं लागतं. सेंट हेलेनाने असं कुंपणाचं बांधकाम येऊ दिलेलं नाही आणि त्यासाठी इथले लोक अजून भांडतायत. झाडपाला टिकायचा तर पाणंद टिकली पाहिजे, हे ती बाई तळमळून सांगत होती.

जेवण बेटावरच, कागदी ताटलीत. रेड राइस म्हणजे टोमॅटोत शिजवलेला मोकळा भात, तळलेला मासा, भेंडीचं सूप, रताळ्याचा 'पाय' (pie, भट्टीत भाजलेला गोड पदार्थ). भेंडी आफ्रिकेतून आलेली. मी दोनदा घेतली.

(शाकाहारी असाल तर नीट विचारा. कॉलर्ड ग्रीन्स ही पालेभाजी हमखास डुकराच्या किंवा टर्कीच्या धुरी दिलेल्या मांसासोबत शिजवतात, रेड राइसमध्येही सॉसेज असतं. बहिणीचं जेवण मक्याची भाकरी आणि पायवर झालं. बेटावर फिरायला स्थानिक गल्ला मार्गदर्शकच घ्या. कबरीवरच्या कशालाही हात लावू नका, आणि रानातलं काही ओळखलं असं वाटलं तरी तोंडात घालू नका.)

शनिवार, सतरा नंबरचा हायवे

चार्ल्स्टनच्या वाटेवर कोंबाही नदीचा पूल लागतो, त्याला टबमनचं नाव आहे. खाली जुन्या भातखाचरांचे बांध अजून दिसतात. पुढे एका टपरीवर उकडलेल्या शेंगा घेतल्या, मिठाच्या पाण्यातल्या, गरम, ओल्या टरफलांच्या. बहीण म्हणाली, "घरी गेल्यासारखं वाटतंय." मलाही.

चार्ल्स्टन पार करून माउंट प्लेझंटला रस्त्याकडेला स्वीटग्रासच्या टोपल्या विणणाऱ्या बायका बसतात. गवताची वळी करून पाल्मेटोच्या पट्टीने शिवत जायचं, अवजार म्हणजे चमच्याचा घासलेला दांडा. या टोपल्यांचं सर्वांत जुनं रूप म्हणजे भात पाखडायची टोपली. किमती भारी वाटतील, पण एका टोपलीमागे कित्येक दिवसांचं काम असतं आणि किनाऱ्यावर बंगले झाल्यामुळे गवतही लांबून आणावं लागतं. घासाघीस करू नका.

शहरात एक अनपेक्षित प्रकार झाला. स्वच्छ ऊन, ढगाचा पत्ता नाही, आणि रस्त्यावर घोटाभर पाणी. या दिवसांत इथे मोठ्या भरत्या येतात, 'किंग टाइड', आणि गटारांतूनच समुद्र वर येतो. गाडी लावली होती ती गल्ली पाण्याखाली. दोन तास एका चर्चच्या पायरीवर बसून काढले, तिथे एका आजोबांनी आम्हाला तिळाच्या पातळ, कुरकुरीत बिस्किटांचा पुडा दिला. तिळाला इथे 'बेने' म्हणतात, तोही आफ्रिकेतून आला आणि शुभ मानतात. (शरद ऋतूत जाणार असाल तर भरतीचं वेळापत्रक बघून गाडी उंचावर लावा.)

पाणी ओसरायची वाट बघताना फरसबंदीच्या फटीत एक रोप दिसलं. जमिनीला चिकटलेली रुंद पानं, समांतर शिरा. प्लँटेन, इसबगोलाच्या जातभाईंपैकी. या क्षुल्लक तणामागे या शहरातला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग आहे. सीझर नावाच्या गुलामाला विषावरचा आणि रॅटलस्नेक चावल्यावरचा उतारा येत होता. साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने तो त्याच्याकडून घेतला, बदल्यात त्याला मुक्त केलं आणि वर्षाला शंभर पौंड तहहयात देऊ केले. १७५० मध्ये तो उतारा वर्तमानपत्रात छापला: प्लँटेन आणि रानटी होअरहाउंडची मुळं. आणि १७५१ मध्ये त्याच विधिमंडळाने कायदा केला. कोणा गुलामाने दुसऱ्या गुलामाला विषारी मुळी किंवा झाडपाल्याची माहिती शिकवली तर देहांत शासन. वैद्यांनी, औषधवाल्यांनी औषधं असतात तिथे गुलामाला कामाला ठेवायचं नाही.

ज्ञान विकत घ्यायचं आणि ते देणाऱ्याच्या हातून पुढे जाऊ द्यायचं नाही. मालकांना त्या मुळीची खरोखर भीती वाटत होती. बहिणीला मी ते पान दाखवलं, सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता माझा आवाज चढला. शेजारचे आजोबा म्हणाले, "मॅम, तुम्ही शिक्षिका का?"

रविवार, चार्ल्स्टन

सकाळी इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम. २०२३ च्या जूनमध्ये उघडलं. गॅड्सडेन धक्क्याच्या जागेवर आहे, गुलामांची जहाजं लागायची त्या. इमारत तेरा फुटांवर खांबांवर उचललेली, खालची जमीन मुद्दाम मोकळी ठेवलेली. तिथे जहाजाच्या तळात दाटीवाटीने झोपवलेल्या माणसांच्या आकृत्या कोरल्या आहेत आणि त्यांच्यावरून पाणी येतं-जातं. भोवती बाग: स्वीटग्रास, औषधी आणि खायच्या वनस्पती.

याच शहरात १८२२ मध्ये, स्वतः गुलामीतून सुटलेल्या डेन्मार्क व्हेसीने गुलामांच्या उठावाची तयारी केली होती. त्याच्या साथीदारांत गल्ला जॅक होता, आफ्रिकेत जन्मलेला, कॉन्ज्युअर करणारा. तो माणसांना खेकड्याचे नांगे द्यायचा: लढताना तोंडात धरा, इजा होणार नाही. बेत फुटला. व्हेसीला २ जुलैला आणि जॅकला १२ जुलैला फाशी दिलं, एकूण पस्तीस जणांना. नांग्याने जीव वाचला नाही. तरीही मृत्यू समोर दिसत असताना एकमेकांचं नाव न घेणारी माणसं त्यांच्यात होती.

बागेत एक तरुण मुलगी पाट्यांवरची नावं वहीत उतरवून घेत होती. नर्सिंग शिकते. आजी गेली तेव्हा तिच्या कपाटात बिनचिठ्ठीच्या बरण्या निघाल्या, कशात काय आहे ते सांगायला कोणी नाही, म्हणून ती आता एकेक शोधत होती. फोनवर फोटो होते. त्यातलं दोघींनी मिळून बरंच ओळखलं: सॅसाफ्रसची साल, म्युलीनची पानं, वेखंड. सॅसाफ्रसचा चहा इथे पिढ्यान्‌पिढ्या प्यायचे. त्यातलं सॅफ्रोल घातक ठरल्यामुळे १९६० मध्ये खाद्यपदार्थांत घालायला बंदी आली, हे तिला माहीत होतं. मी म्हटलं, बरणी टाकू नकोस, पिऊही नकोस, चिठ्ठी मात्र लाव. एका फोटोतली आडवी-तिडवी, चिवट मुळं 'डेव्हिल्स शूस्ट्रिंग' असावीत असं मला वाटलं. पण त्या नावाखाली दोन वेगळी झाडं विकतात. एक व्हायबर्नम, दुसरं आपल्या उन्हाळीच्या, म्हणजे शरपुंखाच्या वंशातलं. वाळक्या मुळावरून सांगता येईना. शेंग किंवा पान मिळालं तर पाठव म्हणून तिला माझा पत्ता दिला.

(म्युझियमचं तिकीट वेळ ठरवून आधीच काढावं लागतं. निदान अर्धा दिवस ठेवा. मुळ्या, बिया, वाळका पाला भारतात आणताना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, तो नसेल तर विमानतळावर काढून घेतात. दुकानातून घेतलेली माझी मुळी मी बहिणीकडेच ठेवली. उन्हाळ्यात या भागात जाऊ नका, दमट उकाडा असह्य होतो. लाइफ एव्हरलास्टिंग बघायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि पेन सेंटरचा हेरिटेज डेज हा उत्सवही नोव्हेंबरातच असतो. मुक्काम त्याच्या कितीतरी आधी ठरवावा लागतो.)